पंचवीस फूट

पहाटे साडेतीनला नळी बोलायला लागते.
गुडगुड. गप्प. पुन्हा गुडगुड.
हुक्क्यासारखी म्हणावं, तर आमच्यात हुक्का कुणी ओढला नाही.
लीलावती उशीवरून मान न उचलता म्हणते,
"अहो, नाकात पाणी."

मी उठतो.
फडक्याने तिचं नाक टिपतो, कोरडी नळी जोडतो,
ओली खांद्यावर टाकून गच्चीवर जातो.
जेल रोडला डिसेंबरात काय थंडी असते,
पण पेपरात आकडा छापतात निफाडचा.
याचा मला दरवर्षी थोडा राग येतो.

नळी तिहेरी करून, टोक मुठीत धरून
मी गोफण फिरवतो,
मामाच्या द्राक्षबागेत पाखरं हाकायचो तशी.
थेंब उडतात: कठड्यावर, टाकीवर, माझ्या चष्म्यावर.
पाखरू एकही नाही.

चौतीस वर्षं प्रेसमध्ये होतो,
पोस्टाच्या तिकिटांना डिंक लावायच्या खात्यात.
हवेत ओल वाढली की तिकिटं एकमेकांना चिकटत,
कमी झाली की कडा वळत.
भिंतीवर आर्द्रतेचा काटा,
तासातासाला वहीत नोंद, खाली सही: रं. बा. तिदमे.
साहेब म्हणत, तिदमे, तुम्हाला पाण्याचा वास येतो.
यायचाही.
आणि आता माझ्याच घरात
ओल माझ्या डोळ्यांदेखत
पलंगापर्यंत सरपटत जाते.

मशीनवाला सोपान गांगुर्डे, पोरसवदा, हुशार.
म्हणाला, काका, हवा बाटलीतून ओली होऊन निघते,
मशीनची ऊब असते तिला.
गार फरशीवर आली की तिचं पाणी होतं.
नळी जमिनीवर टाकू नका.
बाटलीत डिस्टिल्डच, वरच्या रेघेच्या आत,
रोज बदला, रोज धुवा.
मधे ही पाणी धरायची डबी लावून देतो,
ती सगळ्यात खाली लोंबू द्या.
मग पाना पिशवीत टाकता टाकता:
"खरं सांगू? सात फुटी नळी घ्या.
लांबीमुळेच होतंय सगळं."

तो गेल्यावर मी टेप काढला. मोजलं.
सात फूट म्हणजे कपाटाचा आरसा.
पंचवीस म्हणजे स्वयंपाकघराचा उंबरा
(आत नाही, आत शेगडी; सोपानने तीनदा बजावलंय.
उंबऱ्याअलीकडे खुर्ची टाकून ती मला मीठ सांगते)
आणि पुढल्या खोलीची खिडकी,
जिथून ती द्रौपदाबाईशी मेथीच्या जुडीवरून भांडते.
दोन शब्द, श्वास.
दोन शब्द, श्वास.
तरी पाच रुपये कमी करून घेते.

टेप गुंडाळत होतो, तर मागून आवाज:
"कापायची नाही."
एवढंच. त्याला एक श्वास पुरला.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक उघडायला लावली.
माझा खाकी स्वेटर, रात्रपाळीचा,
कोपरांवर विरलेला. उसवला.
लोकर माझ्या दोन्ही हातांवर गुंडाळून
मला तासभर चोरासारखं उभं केलं.
मग सुया घेतल्या.

नळीला स्वेटर!
मी काट्याकडे बघत जन्म काढला,
हे मला सुचायला नको होतं?
चार टाके, श्वास. चार टाके, श्वास.
मधेच टाका सुटतो, मग ती मलाच रागावते.
संक्रांतीपर्यंत सहा फूट झालेत.
उरलेले एकोणीस "होतील की" म्हणते.
मी हिशेब केला नाही.
करता येतो मला.

पाणी अजून येतंच.
पण काल साडेतीनला जाग आली तेव्हा घर गप्प होतं,
फक्त मशीनची धाप,
आणि मी उगाच अंधारात कान देऊन बसलो.

प्रेसची एक कोरी वही उरली होती. तीत लिहिलं:
पहाटे पाच दहा. डबीत सात थेंब. नळीत तीन.
खाली सही केली.
तिने चष्मा मागितला, वाचलं,
"दोनच होते" म्हणाली,
माझा आकडा खोडला
आणि शेजारी आपली सही केली.